उत्तर शेवटच्या पानावर नसते

विद्यार्थी मित्रांनो, "सर, रियाझी शिकून पुढे काय?" असे तुम्ही मला नेहमी विचारता. ऐका तर.

जानेवारी 2016 मध्ये आपल्या देवनारच्या कचराभूमीला आग लागली. धूर कित्येक दिवस वस्तीवर पसरत होता. धूर कसा पसरतो, हे गणिताने मांडता येते. धूर, पाणी, हवा हे सारे वाहणारे पदार्थ. ताऱ्यांमधला तप्त वायूही वाहतो. या सर्वांची समीकरणे एकाच घराण्यातली!

म्हणूनच गणिताचे काही विद्यार्थी आकाशाकडे वळतात. डॉ. जयंत नारळीकर त्यांपैकीच एक. त्यांचा जन्म 1938 साली कोल्हापुरात झाला. केंब्रिजला गणित शिकून ते 1959 साली रँग्लर झाले. पुढच्या वर्षी फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वाविषयी संशोधन सुरू केले. असंख्य दीर्घिका म्हणजे जणू एक वाहता पदार्थ, असे मानून विश्वाचे गणित मांडतात.

अशा संशोधनाची सुरुवात सोपी नसते. शाळेतल्या उदाहरणाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी सापडते. संशोधनातल्या प्रश्नाचे उत्तर गुरूंनाही ठाऊक नसते. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थीही तेथे नवशिकाच असतो. नारळीकरांना 1963 साली पीएच.डी. मिळाली. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. त्याच संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आपल्या शेजारी, मानखुर्दला आहे.

तेव्हा मित्रांनो, उदाहरण अडले की लगेच शेवटचे पान उघडू नका. थोडा वेळ अडून राहा. संशोधकाची पहिली सवय हीच.