वचन देवाचं, खिळे आमचे

टेंभुर्णीच्या आमच्या घरात बायबलं तीन होती आणि तिन्हींचे कैवारी वेगळे. आजोबांचं उर्दू, काकांचं बायबल सोसायटीचं मराठी आणि पणजीचं, म्हणजे आमच्या मोठ्या मायचं, केडगावचं. देव एकच, हे सगळ्यांना कबूल होतं. पण त्याचं म्हणणं नेमकं काय, यावर एकमत झालेली संध्याकाळ आम्हा भावंडांपैकी कुणालाही आठवत नाही. सख्खी, चुलत, आते अशी आम्ही सगळी साठ-सत्तरच्या दशकांत त्या ओसरीवर वाढलो. आता कुणी जालन्यात, कुणी संभाजीनगरात, कुणी पुण्याकडे. पण लग्नाकार्यात एकत्र आलो की जेवणं उरकताच त्या भांडणांची उजळणी सुरू होते.

टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यातलं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्याचे आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचे. पण ख्रिस्ती म्हणून आमचं मूळ विचाराल तर ते जालन्याचंच. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तर वडील कोर्टात गेले. पोर अजाण म्हणून कोर्टानं ते वडिलांच्या हवाली केलं, आणि मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईत रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांच्या बाजूचे. हेच नारायण शेषाद्री पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होऊन जालन्यात आले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही वस्ती वसवली, आणि त्यांच्या मागे आले ते मुख्यतः मांगवाड्यातले लोक. आमचे पूर्वज त्यांतलेच. वेदपठण करणाऱ्या घरातला माणूस शास्त्र उघडतो आणि ज्यांनी ते ऐकूही नये असं ठरलेलं, त्यांच्या हातात देतो, ही गोष्ट आजोबा दर नाताळाला सांगायचे. सांगताना आवाज चढायचा.

गावात ख्रिस्ती घरं मोजकी, त्यामुळे रोजची उपासना ओसरीवरच. आधी एक गीत, मग शास्त्रपाठ, मग प्रार्थना. प्रार्थना लांबली की धाकटी पोरं झोपून जायची, आणि काकांची प्रार्थना हमखास लांबायची. शास्त्रपाठात प्रत्येकानं एकेक ओवी वाचायची. आपल्या वाट्याला कोणती येणार हे आम्ही आधीच मोजून ठेवायचो, कारण इतिहासाच्या पुस्तकातली नावं आली तर सगळ्यांदेखत फजिती. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची सहासष्ट पुस्तकं पाढ्यांसारखी पाठ होती. नहूम, हबक्कूक, सफन्या अजूनही एका दमात येतात. मात्र नहूमात काय लिहिलंय हे विचारू नका.

वाचून झालं की काका अर्थ सांगायचे. ते जालन्याच्या मिशन शाळेत शिकलेले, पाळकसाहेबांच्या उपदेशाची वही ठेवणारे. त्यांच्या लेखी अर्थ एकच असायचा आणि तो वहीत असायचा.

त्या वहीला पहिला धक्का आजीनं दिला, बहात्तरच्या दुष्काळात. मराठवाड्यातली माणसं तेव्हा दुष्काळी कामाच्या रस्त्यावर खडी फोडत होती, आजीही त्यांत होती. घरात तांबडी मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना चिरा पडायच्या. त्या उन्हाळ्यात काकांनी मुद्दाम योसेफाची गोष्ट लावली: सात सुकाळाची वर्षं, सात दुष्काळाची, देवाच्या माणसानं आधीच कोठारं भरून ठेवली आणि लोक वाचले. रविवारच्या शाळेत आम्हाला तेवढीच शिकवलेली. आजी म्हणाली, पुढचं वाच. काका म्हणाले, पुढं विशेष काही नाही. आजीला अक्षरओळख बेताची, पण ऐकून ऐकून अध्याय ठाऊक. तिनं माझ्या थोरल्या बहिणीला सत्तेचाळिसावा अध्याय काढायला लावला. योसेफ लोकांना धान्य देतो ते विकत. पहिल्या वर्षी पैसा संपतो. मग तो गुरं घेतो. मग जमीन घेतो. शेवटी सारी मिसर देशाची माणसं फारोची बांधील होतात. फक्त पुजाऱ्यांच्या जमिनीला धक्का लागत नाही. बहीण वाचत होती आणि आम्ही सगळे काकांकडे बघत होतो.

"हे सावकाराचं पुस्तक आहे का देवाचं?" धाकट्या चुलतभावानं विचारलं. त्याला एक टपली मिळाली. पण आजी म्हणाली, "लेकरा, देवाचंच हाय. म्हणून तर लपवलं नाही त्यानं." काकांच्या वहीत याला उत्तर नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी आमच्यातल्या एकानं सहकारी बँकेत नोकरी धरली, तेव्हा सगळे त्याला योसेफच म्हणायचे.

रूथची गोष्ट मात्र कुणी समजावून सांगावी लागली नाही. कापणी झालेल्या शेतात मागे राहिलेली कणसं वेचायला जाणारी परमुलखातली विधवा. मराठी बायबलात तिथं सरवा हा शब्द आहे आणि सरवा वेचायला आमच्या घरातल्या बायका जातच होत्या. बवाज भला माणूस होता असं काका सांगत. सगळे शेतमालक बवाज नसतात, हे आजी सांगत असे.

मोठ्या मायचा अधिकार वेगळाच. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० च्या, पंडिता रमाबाईंच्या माणसांनी उचलून केडगावच्या मुक्ती सदनात आणलेली ती पोर. आपलं गाव कोणतं हे तिला आठवत नव्हतं. तिथं ती वाचायला शिकली आणि छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. मुक्तीचा छापखाना बायकाच चालवत. लग्न होऊन ती जालन्याकडच्या एका मास्तरांच्या घरी आली तेव्हा रमाबाईंचं बायबलचं काम चालूच होतं. त्यासाठी त्या वयाच्या उत्तरार्धात इब्री आणि ग्रीक शिकल्या होत्या, कारण चालू मराठी बायबलाची भाषा त्यांना संस्कृतानं जड झालेली वाटे. खेड्यातल्या बाईला ऐकताक्षणी कळेल असं शास्त्र त्यांना हवं होतं. १९२१ मध्ये मनोरमा ही एकुलती लेक गेली, १९२२ च्या ५ एप्रिलला त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ ला बाहेर पडला. एका माणसानं, तेही एका बाईनं, अख्खं बायबल मूळ भाषांवरून उतरवावं, याला जगात फार जोड नाहीत. आणि तरी आमच्याकडच्या देवळांतून ते फारसं वाचलं गेलं नाही, हे मला आजही खटकतं. तिथं चाललं सोसायटीचंच. त्याची परंपराही काही लहान नव्हे. विल्यम केरीनं वैजनाथ शास्त्र्यांच्या मदतीनं श्रीरामपुरात १८०५ ला मत्तय छापला, १८११ ला नवा करार. मग मुंबईत अमेरिकन मिशनवाले, मग बाबा पदमनजींसारखे मराठी लेखक. किती हातांखालून ते गेलं!

हे हात मोठ्या मायला दिसायचे, हाच तिच्यात आणि काकांत फरक. काकांना पान दिसे, तिला फर्मा. खिळे उलटे वाचायची सवय असल्यानं ती समोर बसलेल्याच्या हातातलं पुस्तकही सहज वाचे. आम्ही ओवी चुकवून पुढे सटकलो की पकडायची. एखादी वेलांटी चुकलेली दिसली तर बोट ठेवून म्हणायची, "वचन देवाचं, खिळे आमचे." काकांना हे पाखंड वाटे. शास्त्रात चूक निघाली तर उद्या काय उरणार? ती म्हणे, चूक काढायला बसलेला माणूस शास्त्र सोडून जात नाही, तिथंच बसून राहतो.

खरी लढाई झाली ती एका बाहेरगावच्या प्रचारकांशी. ते आमच्याकडे मुक्कामाला होते आणि संध्याकाळी मोठ्या मायनं नेहमीप्रमाणे शास्त्रपाठाचा अर्थ सांगायला घेतला. पाहुण्यांनी नम्रपणे अडवलं. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय चौदा: मंडळीत बायकांनी गप्प राहावं असं पौलाचं सांगणं. काकांनी मान हलवली. मोठ्या मायनं चष्मा पुसला आणि तेच पत्र तीन अध्याय मागे उघडलं. तिथं पौल म्हणतो की प्रार्थना करणाऱ्या नि संदेश सांगणाऱ्या बाईनं डोकं झाकावं. "मनातल्या मनात प्रार्थना करायची तर पदर कुणासाठी घ्यायचा, दादा? माणसं ऐकत असतील तेव्हाच ना?" पाहुणे म्हणाले, ते घरातल्या प्रार्थनेविषयी असेल. "मग हेही घरच हाय." पुढे रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातली फीबी आली, पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा सांगायला धावलेली मरीया मग्दालिया आली, आणि शेवटी ती म्हणाली, "हे पत्र करिंथच्या बायकांना हाय. टेंभुर्णीच्या बायकांना आलं की बघू." आजोबा मिशीत हसले. पाहुणे रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाताना त्यांनी तिच्याकडून प्रार्थना मागून घेतली, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

तिला हे बळ केडगावनं दिलं होतं हे आम्हाला उशिरा कळलं. रमाबाईंनी इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली पत्रं वाचली तेव्हा. १८८३ ला बाप्तिस्मा घेतल्यावर दोनच वर्षांत त्या वादाला उभ्या राहिलेल्या. स्वदेशातल्या पुरोहितांचं जू मानेवरून काढल्यावर आता दुसरं जू घालून घेणार नाही, मी वाचीन आणि मला समजेल ते मानीन, असा त्या पत्रांचा रोख. ख्रिस्त मानला, पण ख्रिस्ताच्या नावानं बोलणारा प्रत्येक माणूस मानला नाही.

आजोबांची गोष्ट निराळ्या चालीची. निजामाच्या राज्यात शिकल्यामुळे त्यांचा हात उर्दूवर बसलेला आणि बायबलही त्यांना त्याच भाषेत जवळचं. संध्याकाळी त्यांचे एक मुसलमान मित्र चहाला येत. तौरात, जबूर, इंजील ही नावं दोघांच्याही ओळखीची. मित्रांचा प्रश्न ठरलेला: खरी इंजील कुठं आहे? तुमच्याकडे तर नुसती भाषांतरं. आजोबांचं उत्तरही ठरलेलं. येशू अरामी बोलला आणि शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये. म्हणजे आमचं पहिल्या पानापासूनच भाषांतर आहे, त्यात लाजायचं काय? मित्र मान डोलवायचे, पटल्याची नव्हे, पुढच्या चहाची. एवढ्या वर्षांत कुणी कुणाला जिंकलं नाही आणि चहा बंद झाला नाही.

घरात एकाच वचनावर सगळ्यांचं एकमत असे: गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं, ख्रिस्तात यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र हा भेद नाही. त्याला वहीची गरज पडली नाही. गावच्या पाणवठ्यावर मात्र ते वचन पोचलेलं नव्हतं. आणि सरकारदरबारी म्हणाल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवलं. भेद उरला, सवलत गेली. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं यावरून आमच्या नात्यागोत्यात जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढे धाकट्या भावाच्या मुलानं वसईची, कॅथलिक घरातली सून आणली आणि घरात चौथं बायबल आलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल'. २०१० चं, साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवलेलं. मराठी इतकं वाहतं की आमच्या पिढीला आधी शंकाच आली. शास्त्र म्हटलं की थोडं अडखळायला हवं, ही आमची सवय. तिच्या परंपरेत पुस्तकं त्र्याहत्तर, आमच्यात सहासष्ट. काका तेव्हा ऐंशीच्या पुढे. "सात पुस्तकं वाढवली कुणी?" त्यांनी विचारलं. "कमी कुणी केली, काका?" सून म्हणाली. शिवाय तिनं ऐकवलं की तुमच्या केरीच्या जवळपास दोनशे वर्षं आधी, १६१६ ला, गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण छापलं, ओव्यांत, मराठीत. काकांनी तो मुद्दा रात्रभर सोसला आणि सकाळी म्हणाले, पुराण म्हणजे शास्त्र नव्हे.

परवाच्या नाताळात आम्ही पुन्हा टेंभुर्णीत जमलो. आमची एक भाची सेमिनरीत ग्रीक शिकतेय. करिंथकरांस चौदाचा विषय निघालाच. तिनं सांगितलं की बायकांनी गप्प राहावं हा मजकूर काही जुन्या हस्तलिखितांत आत्ता आहे तिथं नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी, चाळिसाव्या ओवीनंतर आहे. म्हणून काही अभ्यासकांना वाटतं की कुणीतरी समासात लिहिलेली टीप नकलनवीसांनी मजकुरात घेतली, एकानं इथं, दुसऱ्यानं तिथं. सगळ्या अभ्यासकांना मात्र ते मान्य नाही, हेही तिनं सांगितलं.

काका आता नव्वदीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. तिनं दोनदा सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे खिळा हलला?"

"छापायच्या आधीच, काका. हातानं लिहायचे तेव्हा."

"आणि पाळकांना हे ठाऊक आहे?"

"शिकताना त्यांनाही सांगतात."

"मग इतकी वर्षं ते..." काकांनी वाक्य तिथंच सोडलं आणि वही मागितली. वही जालन्याच्या घरी राहिलेली. तेव्हा त्यांनी भाचीला कागद घ्यायला लावला, हस्तलिखितांची नावं लिहून घेतली आणि सांगितलं की हे आपण मान्य केलेलं नाही, फक्त उतरवून घेतलंय.