नाव लिहून चालताना

कर्करोग संशोधनासाठी होणाऱ्या टेरी फॉक्स रनमध्ये पहिला नंबर नसतो. वेळ मोजणारं घड्याळ नसतं, पदक नसतं, छातीवर टाचायचा क्रमांकही नसतो. प्रवेशशुल्क नाही, आणि अमुक इतके पैसे जमवलेच पाहिजेत अशी अट नाही. शर्टावर कुठल्या बँकेचं किंवा मोबाइल कंपनीचं बोधचिन्ह नाही. टेरी नावाच्या एका बावीस वर्षांच्या मुलाची तशी इच्छा होती, आणि चाळीसहून अधिक वर्षं कॅनडाने त्याचा शब्द पाळला आहे. सप्टेंबरच्या मध्यावर एका रविवारी गावोगावी माणसं घराबाहेर पडतात. कुणी धावतं, कुणी सायकल घेतं, कुणी व्हीलचेअरवर येतं, आणि आमच्यासारखी पुष्कळ जण नुसती चालतात.

आम्ही म्हणजे टोरोंटोजवळच्या एका उपनगरातल्या कार्यालयाचा हिशेब विभाग. पगारपत्रकं, बिलं, थकबाकी यांत दिवस जातो. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला कॉफीत साखर किती लागते ते आम्हाला पाठ असतं. त्याच्या घरी कोण अंथरुणाला खिळलं आहे ते ठाऊक नसतं. इथे सकाळी ‘कसे आहात’ विचारलं की ‘मजेत’ म्हणायचं आणि संगणक सुरू करायचा. त्यात कोरडेपणा नसतो, उलट दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत न डोकावण्याचं सौजन्य असतं. पण त्या सौजन्याच्या आड माणसं वर्षानुवर्षं एकेकटी आपलं दुखणं वागवत राहतात, हे मला त्या रविवारी नोंदणीच्या टेबलाशी कळलं.

त्या टेबलावर स्टिकर ठेवलेले असतात. ‘मी आज यांच्यासाठी धावत आहे’ एवढं छापलेलं आणि पुढे मोकळी जागा. आजूबाजूला गलका असतो, पोरं फुगे ओढत असतात, कुणी केळी वाटत असतं. पण पेन हातात आलं की माणूस थबकतो. आमची विभागप्रमुख मूळची त्रिनिदादची, मोठ्याने हसणारी. तिने खाली वाकून एकाखाली एक तीन नावं लिहिली: आजी, आई, धाकटी बहीण. तिच्या घराण्यात स्तनाचा कर्करोग पिढ्यांमधून उतरत आला आहे. वर्षातून एकदा ती एक दिवसाची रजा घेते. त्या दिवशी ती बँकेची कामं उरकते, असं आम्ही सगळे समजत होतो. ती तपासणीला जात होती.

आमचे पोलिश वंशाचे ज्येष्ठ लेखापाल निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. ते या टेबलाशी थांबलेच नाहीत. पलीकडच्या टेबलाकडे गेले आणि परत आले ते लाल शर्ट घालून. या धावण्यात लाल शर्ट म्हणजे कर्करोगातून गेलेला माणूस. त्यांना ‘टेरीज टीम’ म्हणतात. आमच्यापैकी कुणी काही विचारलं नाही. विभागातला सगळ्यात धाकटा, जाफन्याहून आलेला तमिळ तरुण, पुढे झाला आणि त्याने त्यांच्या हातातली पिशवी आपल्या खांद्याला लावली.

मी माझ्या स्टिकरवर वडिलांचं नाव देवनागरीत लिहिलं. ‘हे कसं वाचायचं?’ त्या तरुणाने विचारलं. मी सांगितलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं, मग विभागप्रमुखने म्हटलं, मग आमच्या पंजाबी रिसेप्शनिस्टने आणि तिच्याबरोबर आलेल्या तिच्या सासूबाईंनी. सातारा जिल्ह्यातल्या एका एस.टी. वाहकाचं नाव ऑन्टारिओतल्या एका बागेत असं तोंडातोंडी फिरत होतं. मला रडू आलं नाही. फार बरं वाटलं.

माझी आत्या साताऱ्याला असते. दर रविवारी तिचा फोन असतो. चालायला जाणार म्हटल्यावर ती म्हणाली, ‘अगं, पैसे द्यायचे तर घरबसल्या दे की. त्यासाठी पाय कशाला दुखवायचे?’ प्रश्न सरळ आहे आणि रास्त आहे. चालण्याने एकही गाठ विरघळत नाही. मग चालायचं कशाला?

टेरीलाही हे कुणी विचारलं असेल. टेरी फॉक्स वाढला व्हँकुव्हरजवळच्या पोर्ट कोक्विटलम गावात. बास्केटबॉल खेळणारा, उंचीने बेताचा पण हट्टी मुलगा. 1977 साली उजव्या पायात हाडाचा कर्करोग निघाला आणि गुडघ्याच्या वर सहा इंचांवर पाय कापला गेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या जुन्या प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिलं. त्यात डिक ट्रॉमवर लेख होता: एक पाय नसताना न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण करणारा माणूस. पुढे केमोथेरपीचे सोळा महिने. त्या वॉर्डात टेरीने जे पाहिलं, जी पोरं पाहिली, ती त्याला बरा होऊन घरी गेल्यावर विसरता येईनात. त्याने संशोधनासाठी पैसे उभे करायचं ठरवलं, आणि त्यासाठी देश धावून ओलांडायचा.

12 एप्रिल 1980 रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला त्याने आपला कृत्रिम पाय अटलांटिक महासागरात बुडवला आणि पश्चिमेकडे निघाला. रोजचं उद्दिष्ट एका मॅरेथॉनचं, म्हणजे सुमारे 42 किलोमीटर. तेव्हाचे कृत्रिम पाय धावण्यासाठी बनलेले नव्हते. तो पाय पुढे येईपर्यंत चांगल्या पायावर एक जादा उडी मारावी लागे. त्याची ती लंगडत उड्या घेणारी चाल चित्रफितींत आजही पाहायला मिळते. मांडीच्या टोकाला जखमा होत, रक्त येई. मागून त्याचा मित्र डग ऑलवर्ड गाडी हळूहळू चालवत येई. तो स्वयंपाक करी, मैल मोजी. पुढे धाकटा भाऊ डॅरेल येऊन मिळाला. एकट्याच्या या धावेत पहिल्या दिवसापासून कुणीतरी सोबतीला होतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी कुणी फिरकलंही नाही. मग आलं पोर्ट ओ बास्क नावाचं बंदर. वस्ती दहा हजारांच्या आसपास, आणि तिथे जमले दहा हजार डॉलर. माणशी एक डॉलर! टेरीने तेच मागणं साऱ्या देशापुढे ठेवलं: प्रत्येक कॅनेडियन माणसाने एक डॉलर द्यावा. जुलैत टोरोंटोच्या नेथन फिलिप्स स्क्वेअरमध्ये सुमारे दहा हजार लोक त्याला पाहायला उभे होते. 1 सप्टेंबरला थंडर बेजवळ खोकला आणि छातीतल्या दुखण्याने त्याला थांबावं लागलं. 143 दिवस आणि 5,373 किलोमीटर झाले होते. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत निधी 2 कोटी 41 लाख डॉलरच्या वर गेला. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण तेवढीच होती. 28 जून 1981 रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर असताना, टेरी गेला. त्याच वर्षी 13 सप्टेंबरला त्याच्या नावाची पहिली धाव झाली, साडेसातशेहून अधिक ठिकाणी, आणि तीन लाख लोक आले.

आजवर या निधीत 85 कोटी डॉलरहून अधिक जमले आहेत. शाळांमध्येही हा दिवस होतो. मुलं दोन डॉलरचं नाणं, ज्याला इथे टूनी म्हणतात, मुठीत धरून नेतात. टेरीला झाला तो कर्करोग आज झाला तर बहुतेक रुग्णांचा पाय वाचवता येतो. असं ज्ञान एका दिवसात मिळत नाही आणि एका धनिकाच्या देणगीतूनही येत नाही. त्यासाठी दर वर्षी न चुकता येणारे लहान लहान पैसे लागतात, आणि ते देणाऱ्याला आठवण राहावी लागते. आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. घरबसल्या दिलेले पैसे पोचतात, पण माणूस देऊन विसरतो. चाललेला माणूस पुढच्या सप्टेंबरात पुन्हा येतो.

उरलेलं अर्धं उत्तर मला वाटेत मिळालं. तळ्याच्या कडेने रस्ता जातो. मेपल नुकतीच टोकाकडून लाल व्हायला लागलेली, दोन्ही बाजूंना पिवळ्या गोल्डनरॉडचे तुरे, हवेत पहिला गारवा, आणि बदकांपेक्षा दांडगे कॅनडा गूज रस्ता अडवून उभे. आमच्या घरी गणपती बसले होते, त्यामुळे माझ्या पिशवीत सगळ्यांसाठी खिरापत होती. लेखापाल माझ्या शेजारून चालत होते. अर्धा रस्ता संपल्यावर त्यांनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली: तिशीत झालेला लसिकाग्रंथींचा कर्करोग, तेव्हा लहान असलेली मुलगी, नोकरी जाईल या भीतीने केमोनंतर दुसऱ्या दिवशी कामावर येणं, प्रसाधनगृहात नळ सोडून उलट्या करणं. इतकी वर्षं आमची टेबलं समोरासमोर आहेत. तिथे हे कधी निघालं नसतं. समोर बसून आजाराबद्दल विचारलं की त्याची मुलाखत होते. शेजारून चालताना नजर रस्त्यावर असते, पावलं आपोआप पडत असतात, मध्येच गप्प झालं तरी अवघडल्यासारखं होत नाही. जीभ सुटते.

आणि मला अण्णा, माझे वडील, आठवले. अण्णा पिशवीतून चंची काढून चुना-तंबाखू मळायचे, गाडी फाट्यावर थांबली की हमखास. गालात आतून जखम झाली तेव्हा कितीतरी दिवस ‘दाढ दुखतेय’ म्हणाले. निदान झालं तेव्हा आगारात सांगितलं की दाढेचं मोठं काम निघालंय, रजा हवी. आईलाही शपथ घातली. तंबाखूमुळे झालं म्हणून लोक काय म्हणतील, ही एक लाज. आणि घरात लग्नाच्या दोन मुली आहेत, हे दुसरं भय. परळला टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार सुरू झाले. राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली, आणि आई गाव ते मुंबई अशा खेपा घालत राहिली, कधी उभ्याने, डबे आणि रिपोर्टांची फाइल सांभाळत.

तेराव्याला आगारातले लोक आले. अण्णांबरोबर वर्षानुवर्षं ड्यूटी केलेले एक चालक ओट्यावर बसून राहिले, आत येईनात. शेवटी आईला म्हणाले, ‘वहिनी, मुंबईची गाडी माझ्याकडे होती. एक शब्द बोलला असता तर दर खेपेला भाकऱ्या पोचवल्या असत्या.’ आईने डोक्यावरचा पदर ओढून घेतला. तिच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

त्या माणसाचं ते वाक्य मी इतकी वर्षं मनात धरून आहे. मदत शंभर पावलांवर उभी होती, आणि तिला कुणी हाक मारली नव्हती. अण्णांना मी दोष देत नाही. त्या काळात, त्या गावात, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण सोबत काम करणाऱ्यांना परकं समजायची आपली रीत चुकीची आहे, असं मी ठामपणे म्हणते. ज्यांच्याबरोबर आपण जागेपणीचे निम्मे तास काढतो, त्यांना आपल्या दुःखात हात घालायला नातं लागत नाही. त्यांना फक्त कळावं लागतं.

ज्या धर्मशाळेत अण्णा राहिले तिच्यामागेही अशाच नाव नसलेल्या माणसांचे पैसे आहेत. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव पायी हिंडले, कीर्तनं केली, लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी त्यातलं काही ठेवलं नाही. टेरीनेही आपल्या धावण्यातून कुणी नफा कमवू नये असं बजावून ठेवलं होतं. जगाच्या दोन टोकांच्या या दोन माणसांना मी एका ओळीत ठेवते, कारण दोघांवर सामान्य लोकांनी डोळे मिटून विश्वास टाकला आणि दोघांनीही त्या विश्वासाची पै न पै सांभाळली.

शेवटच्या वळणावर पंजाबी रिसेप्शनिस्टच्या सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले. मग आम्ही सगळेच हळू झालो. मागून आलेली कितीतरी माणसं पुढे निघून गेली. आमच्याआधी कोण पोचलं आणि आमच्यानंतर कोण आलं, याची नोंद कुठेही झालेली नाही.

सोमवारी कार्यालयात काही बदललं का? बदललं. विभागप्रमुखच्या तपासणीचा दिवस आता आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या सकाळी तिच्याबरोबर आमच्यापैकी कुणीतरी जातं. कॅनडात दर पाचांतल्या दोघांना आयुष्यात कधीतरी कर्करोग होईल, असा अंदाज आहे. भारतात 2022 या एका वर्षात सुमारे 14 लाख नवे रुग्ण निघाले, आणि पुरुषांमध्ये सगळ्यात मोठा वाटा अण्णांच्या कर्करोगाचा, तोंडाच्या कर्करोगाचा होता. एवढ्या लोकांपैकी कुणीतरी तुमच्या कचेरीत, बँकेत, आगारात, शिक्षकांच्या खोलीत तुमच्या शेजारी बसलेलं असणारच.

म्हणून वाचणाऱ्याला माझं सांगणं आहे. 4 फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन असतो. त्या आठवड्यात आपल्या कामाच्या ठिकाणच्या चार-पाच जणांना घेऊन तासभर चाला. ज्याच्यासाठी चालायचं त्याचं नाव कागदावर लिहून शर्टाला लावा आणि बरोबरच्यांना ते मोठ्याने वाचू द्या. प्रत्येकाने जमेल ते पैसे काढा आणि ते तुमच्या जिल्ह्यातल्या कर्करोग रुग्णालयाला किंवा रुग्णांची राहण्याची सोय करणाऱ्या धर्मशाळेला द्या. प्रकृती धडधाकट असेल तर रक्तपेढीत जाऊन प्लेटलेट द्या; त्या पाच दिवसांच्या पलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे देणारे सतत लागतात. आणि घरात कुणाला निदान झालं असेल, तर ते उद्याच शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला सांगा. मुंबईची गाडी कदाचित त्याच्याकडे असेल.