बाळूचा बॉल चालला, कप चालला नाही

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, कारण विषयही चहाचाच आहे.

भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर नाबाद ४४३ धावा केल्या, हे पुण्यातल्या क्रिकेटवेड्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्याच क्लबात, त्याच्या पन्नासेक वर्षं आधी, एक विशीतला पोरगा महिना चार रुपये पगारावर कामाला होता. रोलर फिरवायचा, खेळपट्टी झाडायची, नेट लावायचं, टेनिस कोर्टावर रेघा मारायच्या. आणि साहेबांना सराव हवा असला की नेटमध्ये बोलिंग टाकायची. त्याचं नाव बाळू. आडनाव पालवणकर. हे नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मला तरी शाळेच्या कुठल्या पुस्तकात ते भेटलं नाही.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्यात आलं. घर चर्मकार समाजाचं. बाळूंची पहिली नोकरीही मैदानावरचीच, पारशांच्या एका क्लबात, तीन रुपयांवर. तिथून साहेबांच्या पूना क्लबात गेले, एक रुपया जास्त मिळाला. तिथे जे. जी. ग्रेग नावाचा कॅप्टन होता, त्या काळातला नावाजलेला बॅट्समन. तो सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूंना तासन् तास बोलिंग टाकायला लावायचा. मला आउट केलंस की आठ आणे, असा त्यानं सौदा केला होता असं सांगतात. सौदा खरा असो नसो, डावखुऱ्या फिरकीवर बाळूंचा हात बसला तो ह्या नेटमध्ये. मात्र इतकी वर्षं तिथे राबूनही बॅट काही त्यांच्या हातात आली नाही. बॅटिंग साहेबांची, घाम बाळूंचा.

आता पुण्यातल्या हिंदू क्लबाची पंचाईत बघा. साहेबांना हरवायचं आहे, आणि साहेबांना नाचवणारा बोलर तर गावातच आहे. पण जात? बरीच चर्चा झाली, आणि शेवटी बाळूंना संघात घेतलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. बाळूंनी टाकलेला चेंडू विकेटकीपर झेलायचा, फिल्डर उचलून परत बाळूंकडे फेकायचा, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. चहाची वेळ झाली की सगळे पॅव्हेलियनमध्ये जायचे आणि बाळूंना चहा मिळायचा बाहेर, मातीच्या भांड्यात. पिऊन झालं की फोडून टाकायचं. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी.

मंडळी, मला ह्या गोष्टीत अडकायला होतं ते इथे. चेंडू कातड्याचा असतो. तो दिवसभर सगळ्यांच्या हातातून फिरतो, घामानं, थुंकीनं ओला होतो. तो चालायचा. चिनी मातीचा कप मात्र चालायचा नाही. म्हणजे जिथे आपल्याला गरज होती तिथे विटाळ आपोआप सुटत होता, आणि गरज संपली की परत चिकटत होता. ह्याला श्रद्धा म्हणायचं की सोय, ते तुम्हीच ठरवा.

शतक संपता संपता बाळू मुंबईला गेले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६०, साहेबांच्या १९१ आणि १०२. एकशे नऊ धावांनी साहेब हरले, आणि दुसऱ्या डावात त्यांच्या निम्म्या विकेट एकट्या बाळूंनी काढल्या. स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते, त्यामुळे ह्या विजयाचा केवढा गाजावाजा झाला असेल ह्याचा अंदाज करा. मुंबईच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' ह्या साप्ताहिकाने त्या वेळी नेमकी गोष्ट हेरली. रेल्वेच्या डब्यात सगळ्या जाती शेजारी बसतात ते नाइलाजानं; जिमखान्यानं बाळूंना घेतलं ते स्वतःच्या मर्जीनं, म्हणून ह्या बदलाचं मोल जास्त, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं.

पुढच्या वर्षी, १९०७ मध्ये, पारशी आणि युरोपियन यांच्या स्पर्धेत हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमान आले, चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'इतर' नावाचा पाचवा संघ आला, पंचरंगी झाली. आज आयपीएलला जेवढं वेड आहे तेवढं वेड ह्या सामन्यांना होतं. कसोटी वगैरे आपल्याकडे यायची होती, रणजी करंडक १९३४ चा. त्याआधी क्रिकेट म्हणजे मुंबईची ही स्पर्धा.

ह्याच काळात तिकडे अमेरिकेत बेसबॉलची वर्ल्ड सिरीज सुरू झाली, १९०३ मध्ये. हिंदूंनी साहेबांना हरवलं त्याच १९०६ मध्ये शिकागोच्या दोन संघांमध्ये तिकडची सिरीज झाली आणि दुबळ्या समजल्या गेलेल्या व्हाइट सॉक्सनी बलाढ्य कब्जना हरवलं. सगळं खरं, पण दोन्हीकडचे सगळे खेळाडू गोरे. काळ्या माणसाला त्या लीगमध्ये प्रवेशच नव्हता, आणि तसा लेखी नियमही कुठे नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं, बस. शेवटी १९२० मध्ये काळ्या खेळाडूंनी स्वतःची वेगळी लीग काढली. जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगच्या मैदानावर उतरला तो थेट १९४७ मध्ये.

कुणी म्हणेल, बघा, म्हणजे आपण अमेरिकेपेक्षा चाळीस वर्षं पुढे होतो. थांबा जरा. तिकडे दार बंद होतं. इकडे दार उघडलं, पण किती? बोलिंग टाकण्यापुरतं. कप्तानीचं नाव काढल्यावर काय झालं ते बघू.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बऱ्याचदा हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात सगळे सामने धरून ११४ बळी घेतले. वय पस्तीस, खांदा दुखरा. परत आल्यावर सत्कार झाले, भाषणं झाली. हिंदू संघाचं कप्तानपद? ते नाही. १९१३ मध्ये कप्तान झालेले एम. डी. पै ह्यांनी जाहीर समारंभात सांगितलं की हा मान खरा माझे मित्र बाळू ह्यांना मिळायला हवा होता, ते संघातले ज्येष्ठ आणि अनुभवी. त्या काळात एवढं बोलणं सोपं नव्हतं, पैंना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण पद पैंकडेच राहिलं. चांगला माणूस हळहळला आणि व्यवस्था होती तिथेच राहिली, हे आपल्याकडे फार जुनं आहे.

मग आलं १९२०. अमेरिकेत वेगळी लीग निघाली तेच वर्ष. बाळू आता चव्वेचाळीस वर्षांचे, त्यांना संघातून वगळलं. पै आजारी पडले, म्हणून पहिल्या सामन्यासाठी दुसरा कप्तान हवा होता. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम दोघेही संघात, आणि विठ्ठल तर त्या वेळी देशातल्या उत्तम बॅट्समनपैकी एक. कप्तान नेमले गेले आपल्या पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर. देवधरांच्या खेळाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पुढे त्यांच्याच कप्तानीत महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. पण तेव्हा विठ्ठल त्यांच्याहून वयानं आणि अनुभवानंही मोठे होते. मागे का ठेवलं, हे सगळ्यांना कळत होतं.

विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. गप्प घरी बसले नाहीत, निवेदन काढलं आणि कारण जाहीर सांगितलं. ज्यांच्या घरात मैदानावरच्या चार रुपयांच्या नोकरीपासून सगळं उभं राहिलं, त्यांनी देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा सोडली. ह्याची किंमत किती असेल?

आणि त्याचा परिणाम झाला. अंतिम सामन्याला पै परत आले, दोघे भाऊ परत आले, आणि बाळूंना संघात घेऊन उपकप्तान केलं. त्या सामन्यात पै मध्येच काही वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. एवढीच त्यांची कप्तानी. पण दार आता लावता येत नव्हतं. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्याच वर्षी संघानं स्पर्धा जिंकली. त्यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, १९४८ मध्ये. मिळालं तर जरूर वाचा.

बाळूंचं नाव पुण्याशी आणखी एकदा जोडलं गेलं. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात पुणे करार झाला, त्यावर सही करणाऱ्यांत पी. बाळू होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना मुंबईत थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूंना ११,२२५. त्या राजकारणावर वेगवेगळी मतं आहेत आणि असू द्यात. माझं म्हणणं एवढंच की ज्या माणसाला पक्षांनी आपापल्या गरजेला पुढे केलं, त्याचं नाव गरज संपल्यावर किती लवकर मागे पडलं ते बघा. ४ जुलै १९५५ ला ते गेले. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. आकडे आजही कुणालाही लाज आणतील असे आहेत.

आता हे सगळं आज का लिहितोय ते सांगतो.

आमच्या सोसायटीत दर हिवाळ्यात टेनिस बॉलची स्पर्धा असते. गेटजवळ पत्र्याच्या शेडमध्ये इस्त्रीचं दुकान आहे, तिथल्या जोडप्याचा मुलगा सतरा वर्षांचा. बोलिंग अशी टाकतो की आमच्या आयटीवाल्या मंडळींना बॉल दिसत नाही. मागच्या वर्षी आमच्या विंगनं त्याला घेतलं. रहिवासीच खेळणार असा नियम होता, तो 'आवारातच तर असतो दिवसभर' म्हणून वाकवला. फायनल आम्ही त्याच्यामुळे जिंकलो. रात्री क्लबहाऊसमध्ये जेवण. तिथे मात्र नियम ताठ झाला: फक्त फ्लॅटधारक आणि कुटुंबीय. त्याची पावभाजी डब्यात भरून गेटवर पाठवली गेली. कुणी त्याला वाईट बोललं नाही. जात तर कुणी काढलीच नाही, सगळे सुशिक्षित. ट्रॉफीच्या फोटोत तो नव्हता, कारण फोटो आत काढला.

मी ग्रुपवर विचारलं. चार अंगठे आले आणि एक उत्तर: 'दादा, प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता?' मी जात आणलीच नव्हती. मी फक्त विचारलं होतं की बॉल आत चालतो तर पोरगा का नाही.

आता नवीन स्पर्धेच्या याद्या चालू आहेत. त्याचं नाव आमच्या विंगच्या यादीत पहिल्या तिघांत आहे. मी कमिटीला लेखी कळवलंय की तो खेळणार असेल तर क्लबहाऊसमध्ये आमच्या शेजारी बसून जेवणार, फोटोत असणार. हे जमत नसेल तर माझं नाव काढा. माझ्यासोबत आणखी दोघांनी सही केली आहे. अकरांपैकी तीन. माझ्या जाण्यानं संघाचं फार नुकसान होणार नाही, माझी बॅटिंग सगळ्यांनी पाहिली आहे. तरी सही केली, कारण १९२० मध्ये बाहेर पडायचं ओझं पालवणकर भावांवर आलं, ज्यांचा अपमान झाला त्यांच्यावरच. ते ओझं त्या सतरा वर्षांच्या पोरानं उचलावं, अशी अपेक्षा मला करवत नाही. तो बिचारा मला म्हणाला, 'काका, राहू द्या ना, मला खेळायला मिळतंय ते बास.' त्यानं असं म्हणणं समजू शकतं. आपण ते कबूल करून मोकळं होणं समजत नाही.

तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, मंडळात अशी स्पर्धा असेल. ग्राउंड कोण मारतं, नेटमध्ये बॉल कोण टाकतं, बक्षीस समारंभाला खुर्ची कुणाला असते, एकदा बघा. आणि काही वेगळं, चांगलं घडलं असेल तर खाली नक्की लिहा. कमिटीचं उत्तर रविवारी येणार आहे. आलं की इथेच सांगतो.