हाफ बोर्ड

दिल्लीत सुट्टीची तारीख माणूस ठरवत नाही, हवा ठरवते. नोव्हेंबरात धूर, जानेवारीत धुकं, मे-जूनमध्ये लू. धुराच्या दिवसांत शाळा कधी ऑनलाइन होईल याचा नेम नाही, धुक्यात विमान वेळेवर सुटेल याची खात्री नाही. उरतो जून. आणि जूनमध्ये समुद्र बघायचा तर विषुववृत्ताच्या पलीकडे जावं, तिथे तेव्हा हिवाळा असतो, असा सगळा हिशेब मांडत आमच्या नोएडाच्या घरात मॉरिशसचं नाव निघालं.

बिनविरोध नव्हे. मुलाला मालदीव हवं होतं, मला बाली. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत असल्यामुळे त्याची बुद्धी अंदमानच्या पुढे जात नव्हती, कारण एलटीसी ही सरकारी प्रवाससवलत देशाच्या हद्दीत संपते. सासूबाईंचं म्हणणं सगळ्यांत सरळ होतं. त्या संगमेश्वर तालुक्यातल्या. "समुद्रच बघायचाय ना? मग गणपतीपुळ्याला चला. एवढे पैसे कशाला घालवता पाण्यात?"

करोल बागेतला एजंट मात्र आमच्यापेक्षा फार आधी निघालेला होता. त्याच्या स्क्रीनवर बेट नव्हतंच, रिसॉर्ट होते. "मॅडम, ऑल इन्क्लुसिव लीजिए. बाहर खाने को कुछ है नहीं. और प्राइवेट बीच है, बाहर जाने की ज़रूरत ही नहीं." म्हणजे आठ तास विमानात बसून जायचं आणि मग एका कुंपणाच्या आत आठवडा काढायचा. नोएडाच्या सोसायटीत आम्ही दुसरं काय करतो?

त्याच्या दोन्ही वाक्यांची मी घरी येऊन शहानिशा केली. मॉरिशसमध्ये किनाऱ्यालगतचा पट्टा फ्रेंचांच्या काळापासून सरकारी आहे. ते त्याला 'पा जेओमेत्रिक' म्हणतात, साधारण एक्याऐंशी मीटर रुंदीचा. हॉटेलांना तो भाडेपट्ट्यावर मिळतो, पण वाळू कुणाच्या मालकीची होत नाही. तुमच्या रिसॉर्टसमोरून कुणीही चालत जाऊ शकतो आणि तुम्हीही कुणाच्याही समोरून. दुसरं, खायला भरपूर आहे आणि ते रस्त्यावर आहे. म्हणून आम्ही हाफ बोर्ड घेतलं: सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण हॉटेलात, दुपार आपली. दर खाली आला, एजंटचा उत्साहही.

मग किनारा. त्याने स्वस्तात देऊ केलं ते पूर्वेचं, बेल मारकडचं. फोटोत सुंदर. पण जून ते सप्टेंबर आग्नेयेचे व्यापारी वारे त्या बाजूला सरळ येऊन आदळतात. दर उतरलेले असतात ते त्यामुळेच. मधल्या डोंगरांच्या आडोशाला असलेली पश्चिम बाजू त्या दिवसांत कोरडी आणि ऊबदार. बेट केवढं, तर दिल्ली राज्याच्या सव्वापट. तरी मध्यावरच्या क्युरपीपला पाऊस पडत असतो आणि तासाभरावरच्या फ्लिक-आँ-फ्लाकला लोक उन्हात पडलेले असतात. जाणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं नियोजन झालं. डिसेंबर-जानेवारीत सगळं जग तिकडे धावतं, तेव्हा दर आकाशाला भिडतात आणि चक्रीवादळांचा मोसमही तेव्हाच सुरू झालेला असतो.

फ्लिक-आँ-फ्लाक ठरलं आणि नकाशात त्याच्या मागेच, ऊसमळ्यांत, कास्कावेल दिसलं. हे नाव मी ऐकलेलं होतं. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनातल्या एका कार्यक्रमात ओळखीचे एक काका मॉरिशसच्या मराठी लोकांबद्दल तासभर बोलले होते आणि मी त्यातलं पाव तास ऐकलं होतं. त्यांना फोन केला. त्यांनी तिथल्या एका कुटुंबाचा नंबर दिला. सासूबाईंनी विचारलं, "मराठी म्हणजे आपले? ते तिथे काय करतात?" मी म्हटलं, "दीडशे वर्षांपूर्वी ऊस तोडायला गेले." त्यांनी पासपोर्टच्या फॉर्मवर सही केली ती त्या संध्याकाळी.

कागदपत्रांचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ते तेवढ्याच लायकीचं आहे. नोएडाकरांचं पासपोर्ट कार्यालय गाझियाबादला. भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं, शिवाय एक डिजिटल फॉर्म भरायचा. औषधांच्या बाबतीत तो देश कडक आहे, त्यामुळे सासूबाईंच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी. पॅकेजवर सरकार आगाऊ कर कापून घेतं, तो विवरणपत्रात वळता होतो. एजंट ही गोष्ट शेवटच्या दिवशी सांगतात. आणि नवऱ्याला स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या रजेवर परदेशी जाण्यासाठी ऑफिसची परवानगी काढावी लागली. आमच्या सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळ त्या फायलीने घेतला.

दिल्लीहून थेट विमान आठवड्यातून मोजकेच दिवस असतं, तेव्हा तारखा त्याच्याभोवती बेतायच्या. घड्याळ फक्त दीड तास मागे जातं, त्यामुळे एवढ्या लांबच्या प्रवासाला जे जागरणाचं आजारपण येतं ते नाही. थर्मामीटरचा फरक मात्र मोठा. नोएडातून टी-थ्रीला निघालो तेव्हा रात्रीही टॅक्सीची काच हाताला भाजत होती. प्लेझान्सच्या विमानतळावर उतरलो तर लोक स्वेटरमध्ये.

विमानतळापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. मध्येच काळ्या दगडांचे उंच ढीग, शेताच्या ऐन मधोमध. मला आधी वाटलं जुन्या बांधकामाचे अवशेष असतील. ड्रायव्हरने सांगितलं, जमीन ज्वालामुखीची, दगडांनी भरलेली. उसासाठी ती साफ केली तेव्हा मजुरांनी हातांनी वेचून रचलेले हे ढीग. एकोणिसाव्या शतकात या बेटावर साखर कारखान्यांची संख्या अडीचशेच्या वर गेली होती, आज तीन उरलेत. दक्षिणेला बेल ओंब्रच्या जुन्या साखरमळ्यावर आता रिसॉर्ट आणि गोल्फचं मैदान आहे. पर्यटनाचा धंदा उसाच्या जमिनीवरच उगवलाय.

रिसॉर्टबद्दल तक्रार नाही. पांढऱ्या चादरी, दुमडलेल्या टॉवेलचा हंस, न्याहारीला इडलीपासून क्रोसाँपर्यंत सगळं. समुद्र असा की लाटाच नाहीत. लांबवर प्रवाळाच्या भिंतीवर त्या फुटतात, पांढरी रेघ दिसते, आणि अलीकडे तळ्यासारखं पाणी. सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "हा कसला समुद्र? आवाजच नाही." किनाऱ्यावरची झाडं बघून मात्र त्या थबकल्या. सुरूची झाडं! तिथे त्यांना फिलाओ म्हणतात. सुया पडलेली वाळू, तोच वास. माणसाला नेऊन नेऊन कुठे न्यायचं आणि त्याने काय ओळखावं!

एक सूचना करून ठेवते: जूनमध्ये तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दिल्लीतल्या लांबलचक संध्याकाळींची सवय असलेल्याने दुपारी चारला फिरायला निघायचा बेत केला, तर अंधार बघून परत यावं लागतं.

बाहेर पडायचं ते दुपारी. ढोल पुरी जोडीनेच मिळते: भरडलेल्या डाळीच्या सारणाची मऊसूत, पातळ पोळी, आत पावट्यासारख्या दाण्यांची रस्साभाजी आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून. उभ्याने खायची. बिहारी मजुरांबरोबर आलेली ही डाळपुरी आज त्या देशाचा राष्ट्रीय नाश्ता म्हणावा अशी आहे. पैशांचं म्हणाल तर त्यांचाही रुपयाच, पण आपल्यापेक्षा महाग. फेब्रुवारी 2024 पासून आपलं यूपीआय तिथे सुरू झालंय, पण ढोल पुरीच्या गाडीवर रोख पैसेच बरे. आमचा मुलगा शाळेत तिसरी भाषा म्हणून फ्रेंच शिकतो. गाडीवाल्याशी तो फ्रेंचमध्ये बोलला आणि त्याला क्रिओलमध्ये उत्तर आलं. दोघांचं जमलं.

रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर गेलो. एजंटने सुचवलेल्या आठवड्यात ही जागा बसतच नव्हती. कुटुंबंच्या कुटुंबं सुरूच्या सावलीत तंबू ठोकून बसलेली, बिर्याणीची पातेली, ढोलकं, सेगाची गाणी, म्हाताऱ्या बायका साड्या खोचून पाण्यात. आमच्या हॉटेलपासून हे दहा मिनिटांच्या चालीवर, आणि हॉटेलातल्या पाहुण्यांपैकी आमच्याशिवाय कुणी दिसलं नाही.

कास्कावेलच्या कुटुंबाने आम्हाला जेवायलाच बोलावलं होतं. घरातले आजोबा शाळेतून निवृत्त झालेले, आजी स्वयंपाकात, नात कॉलेजात. घरात सगळे आपापसात क्रिओल बोलत होते. मराठी उरलीय ती पूजेत, भजनात आणि शाळेत. तिथल्या प्राथमिक शाळांत मराठी हा विषय घेता येतो. नातीने तो घेतलेला. तिची मराठी अगदी पुस्तकी: "आपण भोजन केव्हा करणार?" माझा मुलगा तिला म्हणाला, "आम्ही तर आता नाश्ता करून आलो, थोडं रुकून खाऊ." मुलगी गोंधळली. तिला 'रुकून' समजेना, त्याला 'भोजन' शब्दाचं हसू आलं आणि मग ओशाळल्यासारखं झालं. मग दोघं फ्रेंचवर गेले. नोएडाचा मराठी मुलगा आणि मॉरिशसची मराठी मुलगी सासूबाईंसमोर फ्रेंच बोलत बसली. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, बोलल्या काही नाहीत.

गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. विसर्जन समुद्रात. आजोबांनी फोनवर चित्रफीत दाखवली: गोल धरून नाचणारे पुरुष, मध्ये ढोलकी आणि झांजा. "झाकरी," ते म्हणाले. सासूबाई खुर्चीतून उठल्या. "अहो, ही आमची जाखडी!" पायाचा ठेकासुद्धा तोच, असं त्यांचं म्हणणं, आणि या विषयात त्यांच्याशी वाद घालणारं आमच्या घरात कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच मंडळींबरोबर पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर गेलो. बंदराला लागून दगडी इमारतींचे थोडे अवशेष आणि समुद्राकडून वर येणाऱ्या पायऱ्या. 2 नोव्हेंबर 1834 ला 'ॲटलस' जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर उतरले. तो दिवस तिथे सुट्टीचा असतो. गुलामी बंद होत होती आणि मळेवाल्यांना हात हवे होते, म्हणून करारावर माणसं आणण्याचा हा प्रयोग ब्रिटिशांनी इथे केला आणि मग जगभर नेला. पुढच्या सत्तरेक वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बरीचशी कलकत्ता आणि मद्रासहून, थोडी मुंबईहून. त्या थोड्यांत आपली. 2006 मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतली. नुसतं बघायला पाऊण तास पुरतो. आम्ही बराच वेळ होतो, कारण सासूबाईंनी चौकशी सुरू केली.

"तुमचं मूळ गाव कुठलं?"

"ठाऊक नाही," आजोबा म्हणाले. "नंबर आहे." उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळत असे. त्या नोंदवह्या, पुढच्या काळातले फोटोसुद्धा, मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेत. वंशजांना तिथे शोध घेता येतो. पण साहेबाच्या कारकुनाने ऐकून लिहिलेलं गावाचं नाव कुठलं असेल हे तो लिहिणाराच जाणे.

"नंबर राहू दे. देव कोणता तुमचा?"

"वाघजाई म्हणायची आजी."

सासूबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "वाघजाई तर प्रत्येक घाटात आहे हो." त्या विचार करत राहिल्या. मग बोटांवर मोजत रस्ता लावायला लागल्या. आमच्या बाजूचे असाल तर संगमेश्वराहून शास्त्री नदीने मचव्यातून जयगड, तिथून मुंबई, मुंबईहून इकडे. नात हे सगळं वहीत देवनागरीत उतरवून घेत होती. 'संगमेश्वर' तिने पहिल्या झटक्यात बरोबर लिहिलं. माझ्या मुलाने तोंड फिरवून बंदराकडे बघायला सुरुवात केली.

एवढ्यावर सासूबाई थांबतील तर त्या कोकणातल्या कसल्या! त्यांनी तिथूनच गावच्या गुरवाला व्हॉट्सॲपवर फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली होती, देवळात दिवाबत्ती चालू होती. त्यांनी त्याला ओरडून सगळी हकीकत सांगितली: साहेबाच्या काळात बोटीने गेलेले लोक, वाघजाई, जाखडी, नंबर. जुन्या माणसांना विचार, कुणाच्या घरातलं कुणी असं गेलं होतं का, म्हणाल्या. गुरवाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "विचारतो. पण काकी, ते शिमग्याला पालखीला येणार आहेत काय? वर्गणीच्या वहीत नाव घालून ठेवतो."