पट्टीखालचा सूर

दिवाळी सरली की बालाघाट-गोंदियाच्या पट्ट्यात मंडया भरू लागतात. दिवसा बाजार, रात्री कुठे दंडार, कुठे नाटक, कुठे ऑर्केस्ट्रा. कापलेल्या धानाचा वास हवेत रेंगाळत असतो आणि मांडवामागे वादक आपापले सूर जुळवत बसलेले असतात. या दिवसांत चार कीबोर्डवाले जमले की एक विषय हमखास निघतो : जुना घ्यावा की नवा? यंदा तो प्रश्न माझ्याही पुढ्यात आहे. एकीकडे २०१६ साली आलेला यामाहाचा मॉन्टाज, आता सेकंडहँड मिळणारा. दुसरीकडे त्याचाच वारस, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला मॉन्टाज एम. दोन्ही यामाहाची आपापल्या काळातली सर्वांत वरची सिंथेसायझर वाद्यं. दोघांवरही जीव जडावा अशी.

आमच्याकडे जुन्या वाद्याला कोणी सहजासहजी निरोप देत नाही. याचा दाखला नदीकाठीच मिळतो. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून वाहत भंडारा, गडचिरोलीच्या बाजूला उतरते. तिच्या त्या खालच्या काठावर झाडीपट्टीची रंगभूमी आजही रात्रभर जागते. त्याच रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या साऱ्या मुलखाला घरचा सन्मान झाल्यासारखं वाटलं. संगीत नाटकातला ऑर्गन बाकी ठिकाणी कोपऱ्यात गेला, पण झाडीपट्टीच्या नाटकात त्याने आपली जागा सोडली नाही. ऑक्टोपॅड आला, सिंथेसायझर आला, तरी नटाने गायला तोंड उघडलं की साथीला ऑर्गनचा तो भरलेला, किंचित थरथरता सूर हवाच असतो. त्या सुराशी तिथल्या श्रोत्यांच्या कानांचं नातं जुळलेलं आहे, आणि असं नातं नव्या यंत्राच्या यादीत छापून येत नाही.

पण पेटी-ऑर्गनचं एक दुःखही जुनंच आहे. पट्टी दाबली की ठरलेला सूर लागतो. तो ना वर सरकतो, ना डोलतो. मींड नाही, आंदोलन नाही. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती, आणि ती १९७१ मध्ये काही अटींवर उठेपर्यंत तीन दशकं गेली. बंदी अन्यायाचीच होती, कारण आपल्या गायकांनी आणि पेटीवादकांनी त्या मर्यादेतूनही अपार गोडवा काढला. तरीही पट्टीवर बोटं ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती उणीव असतेच. दरबारी रागातला गंधार गळ्यातून ऐकावा आणि मग पट्टीवर शोधावा. तो तिथे नसतो, त्याची जागा तेवढी असते.

सिंथेसायझरने या उणिवेवर पहिली फुंकर घातली. १९७० च्या दशकात वादक केर्सी लॉर्ड यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात मिनीमूग आणला. मग १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. रोलंडचा ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ एवढ्या यंत्रांवर त्यांनी दहा राग वाजवले. टीबी-३०३ हे खरं तर बास गिटारच्या जागी साथ द्यायला बनवलेलं छोटंसं यंत्र, पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि राग वाजवणाऱ्याला नेमकी तीच हवी होती. १९८४ मध्ये कंपनीने ते बनवणं बंद केलं. थोड्याच वर्षांत शिकागोच्या तरुणांनी त्या टाकून दिलेल्या यंत्रातून एक नवं नृत्यसंगीत उभं केलं. चरणजित सिंग यांची तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. वाद्य जुनं झालं असं कंपनी ठरवते. त्यातलं संगीत संपलं की नाही, हे मात्र वाजवणाऱ्याच्या हाती असतं.

आता माझ्यापुढची दोन वाद्यं. जुन्या मॉन्टाजमध्ये दोन यंत्रणा आहेत. एक नमुने घेतलेल्या आवाजांची, दुसरी एफएमची, म्हणजे एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या बदलत आवाज घडवणारी. या एफएमची मूळ कल्पना स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांची. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मधून ती जगभर पोचली. डीएक्स७ मध्ये सहा ऑपरेटर, म्हणजे लहरी काढणारे घटक, होते, मॉन्टाजमध्ये आठ आहेत. शिवाय शहनाई, ढोलकी, आपल्याच भागातला एखादा आवाज रेकॉर्ड करून भरायला पावणेदोन गीगाबाइटची जागा. नव्या मॉन्टाज एमने ही जागा दुपटीहून मोठी केली आणि तिसरी यंत्रणा जोडली, जुन्या अ‍ॅनालॉग वाद्यांसारख्या ऊबदार आवाजाची. एकाच वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची संख्या चारशेवर नेली. जुन्या मॉन्टाजवर घडवलेले आवाज नव्यात उघडतात, म्हणजे पूर्वीची मेहनत वाया जात नाही.

मात्र माझं मन अडतं ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. नव्या घराण्यातल्या ८८ पट्ट्यांच्या एम८एक्समध्ये प्रत्येक पट्टीला स्वतःचा दाब कळतो. दाब ओळखणाऱ्या इतर बहुतेक कीबोर्डांवर पट्टी दाबून धरल्यावर जोर वाढवला की धरलेले सगळे सूर एकदम बदलतात. इथे ज्या बोटाचा जोर वाढेल त्याचाच सूर उजळतो, त्यालाच कंप येतो. खाली सा-प शांत धरून ठेवावेत आणि वरचा एकटा गंधार हळूहळू डोलू लागावा! पट्टीवरच्या हातांनी कितीतरी पिढ्या जे मागितलं, त्याच्या इतक्या जवळ क्वचितच कोणी गेलं असेल. आणि ही करामत मुळात यामाहाच्याच १९७७ च्या सीएस-८० ची. ते वाद्य शंभरेक किलोंचं, म्हणून गावोगाव फिरायला निरुपयोगी, पण त्याच्या पट्ट्यांना बोटांचं मन कळायचं. सर्वांत नव्या वाद्यातली मला सर्वांत प्रिय गोष्ट अशी चार दशकांहून जुनी निघाली.

पण तिची एक अडचण आहे, आणि त्या अडचणीनेच निवड सोपी केली. ६१ आणि ७६ पट्ट्यांच्या एम६, एम७ मध्ये ही सोय नाही. ती फक्त एम८एक्समध्ये आहे, आणि त्याचं वजन अठ्ठावीस किलोंच्या आसपास. बोलेरोच्या टपावरून लांजीच्या मंडईला जायचं, रात्री दोनला उतरवायचं, पहाटे दवात पुन्हा चढवायचं, असं ज्याचं जगणं, त्याच्यासाठी पंधरा किलोंचा जुना मॉन्टाज ६ हेच खरं वाद्य. नव्या एम६ मध्ये त्याला जे जास्तीचं मिळेल, ते मंडईच्या कर्ण्यांतून फारसं ऐकूही येणार नाही. वाचलेल्या पैशांत चांगला मॉनिटर स्पीकर आणि विजेच्या चढउतारापासून वाचवणारं यंत्र घ्यावं, त्याने आवाज खरोखर सुधारेल. जो एका जागी बसून वाजवतो, ज्याला रागाचा ध्यास आहे, त्याने मात्र थोडं थांबावं, पैसे साठवावेत आणि एम८एक्सच घ्यावा.

मी मंडईचा वादक. मी जुना मॉन्टाज घेतो आहे, आणि आनंदाने घेतो आहे.

तुम्हीही दुकानात जाल तेव्हा आधी आकडे मोजू नका. आपल्या हाताला वर्षानुवर्षं हवा असलेला आणि अजून न मिळालेला एक सूर मनात ठेवा, हेडफोन लावा आणि दोन्ही वाद्यांवर तोच शोधा. नव्यात तो सापडला, तर पैसे साठवून नवंच घ्या. नाही सापडला, तर जुन्यावर निश्चिंत मनाने रियाज करा.