३६ तासांचा फंडा

निळ्या गोळीवरचे जोक्स आपल्यापैकी प्रत्येकाला चार तरी पाठ असतात. पण ती घेणारा माणूस कधी पाहिलाय? मीही नव्हता पाहिला. म्हणजे पाहिला होता, त्याच्या लग्नात मनसोक्त नाचलेही होते. फक्त माहीत नव्हतं!

माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा हा नवरा. वय ३४, आयटीवाला, हिंजवडीत नोकरी. एकदा गप्पा मारता मारता ती एकदम म्हणाली, ‘‘तू पत्रकार ना गं? मग शोधून सांग. सिल्डेनाफिल चांगली की टाडालाफिल?’’ पुढचं ऐकताना माझी कॉफी थंडगार.

शोधलं. दोन्ही गोळ्यांचा मूळ फंडा एकच. उत्तेजना आली की शरीरात नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्या सैलावतात. हा परिणाम पुसून टाकणारं पीडीई-५ नावाचं एन्झाइम असतं, त्याला गोळी अडवते. थोडक्यात, मुळात इच्छाच नसेल तर गोळी काहीही करत नाही. जोक्समध्ये हे कोणी सांगत नाही, बॉस!

सिल्डेनाफिल, म्हणजे ओरिजिनल व्हायग्रा, अमेरिकेत १९९८ मध्ये आली. टाडालाफिल, म्हणजे सिआलिस, तिथे २००३ मध्ये. ताकदीत उन्नीस-बीस. खरा फरक घड्याळाचा. पहिली साधारण तासभर आधी घ्यायची, असर चार-पाच तास, आणि तेलकट-तुपकट हाणलंत तर ती उशिरा लागू पडते. दुसरीचा असर ३६ तासांपर्यंत टिकू शकतो आणि तुम्ही काय जेवलात याच्याशी तिला देणंघेणं नाही. दोन्ही घेऊन बघितलेल्या पुरुषांना ‘पुढे कुठली घ्याल?’ असं विचारणारे अभ्यास झालेत. त्यांत बहुतेकदा टाडालाफिलचं पारडं जड. (यातल्या बऱ्याच अभ्यासांना ती बनवणाऱ्या कंपनीचाच पैसा होता, तेव्हा जरा जपून.)

का जड, ते मैत्रिणीने मला आधीच सांगितलं होतं. ‘‘शनिवारी बाहेर जेवायला गेलो तरी हा बटर चिकन मागवेना. घरी आल्यावर सारखा घड्याळाकडे बघणार. मला झोप आली तरी बोलायची चोरी, कारण गोळी वाया जाणार! अगं, दर शनिवारी शेवटची लोकल पकडल्यासारखं वाटायचं.’’

या उपचारांतलं समाधान मोजायला १९९९ मध्ये ‘ईडिट्स’ नावाची प्रश्नावली आली. पुरुषासाठी ११ प्रश्न आणि जोडीदारासाठी वेगळे ५. हे सांगितल्यावर मैत्रीण फिस्सकन हसली. ‘‘५? मला तर कोणी अर्धाही विचारला नाही.’’

विचारणार कोण? साहेबांनी डॉक्टर गाठलाच नव्हता. केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय, कागदाच्या पुडीत माल. आता दुसरी गोळीही तशीच आणायचा बेत होता. तिथे मात्र मी अडून बसले. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट, म्हणजे नायट्रेट, आणि यातली कुठलीही गोळी एकत्र झाली तर बीपी धाडकन कोसळतं, जिवावर बेतू शकतं. शिवाय तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड आधी तिथे दिसू शकतो. चौतिशीत हे होतंय तर कारण नको का शोधायला?

दोन आठवडे ‘बघू’ चाललं. शेवटी दोघं जोडीने गेले. डॉक्टरांनी तिलाही आत बसवलं, तिलाही विचारलं आणि रक्त तपासायला पाठवलं. शुगर चांगलीच वाढलेली निघाली. त्याला पत्ताच नव्हता. आधी तिचे उपचार सुरू झाले, मग टाडालाफिल.

शनिवारचं घड्याळ सुटलं म्हणते. दुसऱ्या दिवशी त्याची पाठ दुखते, हा या गोळीचा नेहमीचा साइड इफेक्ट. तो मात्र ऑफिसच्या खुर्चीला शिव्या घालतो. आणि बटर चिकन? आता गोळीला चालतं, पण शुगरमुळे ती त्याला ग्रेव्हीचा एकच चमचा देते.