गरम पोळीचा हट्ट

आमच्या घरात पाव यायचा तो कुणाला ताप आला की. ताप उतरला की पाव बंद. साताऱ्याकडच्या आमच्या गावात पन्नास-साठ वर्षांपूर्वी पाव हे आजाऱ्याचं खाणं होतं, चहात बुडवून खायचं, आणि धडधाकट माणसाने त्यावर डोळा ठेवणं म्हणजे हावरटपणा. आजी तर पावाला स्वयंपाकघरात शिरकावच देत नसे. बेकरीत पीठ पायाने तुडवतात असं तिने कुठून तरी ऐकलं होतं. शिवाय वसई-गोव्याकडे विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी तिच्या पिढीला तोंडपाठ होत्या. आईने सोवळंओवळं सोडलं, पण पावाबद्दलची अढी सोडली नाही, आणि ती माझ्याकडे आली. वडापावाला ही अढी लागू नव्हती. तो बाहेर, उभ्या उभ्या खायचा असतो, घराच्या अब्रूचा त्याच्याशी संबंध नाही!

लग्न होऊन पुण्यात आले, टपाल खात्यात नोकरी लागली. सकाळी डब्यांच्या पोळ्या, संध्याकाळी घरी आलं की पदर खोचून पुन्हा पोळ्या, आणि त्याही जेवायला बसलेल्यांच्या ताटात तव्यावरून थेट. रात्रीच्या ताटात पाव दिसला तर घरची बाई आजारी तरी असणार, नाहीतर आळशी, असं मी मानत होते आणि बोलूनही दाखवत होते. २०१६ साली माझ्या हाती आयतंच कोलीत मिळालं. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने बाजारातले ब्रेड तपासले, त्यात पोटॅशियम ब्रोमेट सापडलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने त्याच्या वापरावर बंदी घातली. ती बातमी कापून मी फ्रिजवर चिकटवली होती. बंदी आल्यावर ब्रेड आधीपेक्षा बराच म्हणायचा, हे मला सुचायचं कारणच नव्हतं. मत आधी ठरलेलं होतं, मी फक्त पुरावे गोळा करत होते.

पुढे २०२०च्या टाळेबंदीत जर्मनीतून लेकीने घरी भाजलेल्या पावांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. मी तिला उत्तर पाठवलं, ‘पोळ्या लाटायचा कंटाळा यायला लागला वाटतं!’

आता आठवड्यातून एक-दोनदा मीच घरी पाव भाजते. वयाच्या पासष्टीनंतर शिकले. पण पाव चांगला की वाईट, या वादात मला आता फारसा रस राहिलेला नाही. माझं मत खरं बदललं ते गरम पोळीविषयी, आणि तिथवर मी पावाच्या वाटेने पोचले.

लेक श्टुटगार्टजवळ राहते. मोटारींच्या कारखान्यांमुळे त्या भागात पुण्याकडची मुलं-मुली पुष्कळ. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला गेले तेव्हा सोबत मेतकूट, डिंकाचे लाडू आणि पोळपाट-लाटणं नेलं होतं. तिकडे रात्रीच्या जेवणाला ‘आबेंडब्रोट’ म्हणतात. गरम जेवण दुपारी. संध्याकाळी टेबलावर पाव, लोणी, चीज, काकडीच्या आणि मुळ्याच्या चकत्या, की झालं जेवण. शेगडी पेटवायची नाही. ओली बाळंतीण आणि ताटात गार पाव! माझ्या जिवाचं पाणी झालं. त्या घरात पाऊल टाकल्यापासून मी रोज संध्याकाळी पोळ्या करायला लागले. जावई म्हणायचे, “आई, तुम्हीही बसा ना आमच्याबरोबर.” मी म्हणायची, “तुम्ही सुरू करा, गरम आहेत तोवर खाऊन घ्या.” माझं ताट वाढून होईपर्यंत जावयांना फोन आलेला असे, लेक बाळाला घेऊन आत गेलेली असे आणि थोरला नातू हात धुऊन पळालेला. मी एकटी जेवायची. त्यात काही खटकत होतं असं मुळीच नाही. उभा जन्म तसंच जेवत आले होते.

खटकलं ते शेजारच्या बाईंकडे. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. बाळ बघायला आल्या तेव्हा कापडात गुंडाळलेला पाव घेऊन आल्या आणि जाताना आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावून गेल्या. त्यांच्या टेबलावर मधोमध लाकडी पाट, त्यावर राय नावाच्या धान्याचा काळसर, जड पाव आणि दातेरी सुरी. पाव आदल्या दिवशी भाजलेला. शिळा का वाढताहेत, असं मी लेकीला मराठीत विचारलं. ती म्हणाली, रायचा पाव दुसऱ्या दिवशीच चांगला लागतो. बाई आमच्याबरोबरच बसल्या. जेवण संपेपर्यंत एकदाही उठल्या नाहीत, कारण उठण्यासारखं काही कामच नव्हतं. ज्याने त्याने आपापल्या हाताने पाव कापून घेतला. मी मात्र दोनदा उठायला गेले आणि दोन्ही वेळा, आपण कशाला उठलो, असं वाटून परत बसले. त्या रात्री मला झोप लागली नाही, असं काही लिहिणार नाही. छान लागली. पण दुसऱ्या दिवशी मी लेकीला म्हटलं, त्या बाईंना विचार, मला शिकवतील का.

आमच्यात भाषा नव्हती, आकडे होते. त्यांनी पहिल्यांदा काटा काढला आणि पीठ, पाणी, मीठ सगळं त्यावर मोजलं. पाणीसुद्धा ग्रॅममध्ये! चिमूट आणि मूठ या मापांवर संसार केलेल्या मला ते पोरकट वाटलं. पीठ बघून पाणी घालणं, हात सांगेल तिथे थांबणं, याचा मला अभिमान होता आणि अजून आहे. पण पोळीत अंदाज चालतो याचं कारण वेगळं. पहिली पोळी कडक झाली तर दुसरीच्या आधी पाण्याचा हात लावता येतो, तवा कमी-जास्त करता येतो. पावाला ती सवलत नाही. एकदा भट्टीत गेला की निकाल एकच, तोही चार-सहा तासांच्या कष्टांनंतर. चुकलं कुठे हे कळायला आकडा लिहून ठेवलेला लागतो. त्यांचं मूळ माप सोपं होतं : १०० ग्रॅम पिठाला २ ग्रॅम मीठ, आणि पाणी पिठाच्या जातीप्रमाणे ६५ ते ७५ ग्रॅम. बाकीचं सगळं याच हिशेबात.

तिथल्या पिठाच्या पाकिटांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळलं तर मागे किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. कोंडा जास्त तेवढी राख जास्त. गिरणीवाल्याला ‘बारीक दळ रे’ एवढंच सांगत आलेल्या मला याचं फार कौतुक वाटलं. त्या देशात पावाच्या तीन हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत, बेकरचं काम शिकायला तीन वर्षं उमेदवारी करावी लागते आणि २०१४ साली पाव करण्या-खाण्याच्या त्यांच्या परंपरेची त्यांनी देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. आजाऱ्याच्या खाण्याची एवढी सरबराई!

पुण्यात परतल्यावर तिकडचं निम्मं शिक्षण निरुपयोगी ठरलं. आपलं गिरणीतलं पीठ वेगळं. दगडाच्या घर्षणाने आणि उष्णतेने त्यातल्या पिष्टाचे कण फुटतात, म्हणून ते पाणी भरपूर पितं. आपली पोळी मऊ राहते ती त्यामुळेच. पण त्यातला कोंडा पिठाचा ताण तोडतो आणि निव्वळ कणकेचा पाव विटेसारखा बसतो. मी निम्मा मैदा, निम्मी लोकवनची कणीक घेते. मैद्याबद्दल नाकं मुरडणाऱ्यांनी आधी सणासुदीच्या करंज्या आठवाव्यात.

हवेचंही तेच. जर्मनीत पीठ फुगायला दोन तास लागायचे, एप्रिल-मेमध्ये इथे पाऊण तासात भांड्याबाहेर डोकावतं. म्हणून उन्हाळ्यात यीस्ट कमी आणि पाणी माठातलं. हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. थंडीत विरजण उशिरा लागतं, उन्हाळ्यात आंबोळीचं पीठ लवकर आंबतं, हे माहीत असलेल्या बाईला यीस्टचा स्वभाव कळायला वेळ लागत नाही.

आणि मळण्याचं म्हणाल तर पुरणपोळीची कणीक तिंबलेले हात होते माझे. सैलसर भिजवायची, तासभर मुरू द्यायची, मग तेल-पाण्याचा हात लावत ओढायची, आपटायची, पुन्हा ओढायची. आधी ती परातीला चिकटते, बोटांना चिकटते, तुटते. मग एका क्षणी सुटून येते, चकचकीत दिसते आणि दोन बोटांत धरून ताणली की तिच्यातून पलीकडचा उजेड दिसतो. पावाच्या पिठाचीही परीक्षा हीच. गव्हातली प्रथिनं पाणी पिऊन एकमेकांत गुंततात, त्यांची जाळी होते आणि यीस्टने सोडलेला वायू त्या जाळीत अडकतो. पुरणपोळीत त्या जाळीने पुरण धरायचं, पावात हवा. इतकी वर्षं जी गोष्ट माझ्या हातात होती तिच्याबद्दल माझ्या मनात एवढा तिटकारा होता, याचं आता हसू येतं.

मनगटं मात्र या वयात साथ देत नाहीत. तिथे न्यूयॉर्कच्या जिम लेही या बेकरची युक्ती कामाला आली. २००६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ती छापून आली आणि जगभर गेली. पीठ मळायचंच नाही. चिमूटभर यीस्ट घालून सैल कालवायचं आणि बारा ते अठरा तास झाकून ठेवायचं. मळून जे होतं ते वेळ स्वतः करतो. मग झाकणाच्या जाड, आधीच तापवलेल्या भांड्यात भाजायचं म्हणजे वाफ आत कोंडली जाते आणि वरचं कवच लगेच आवळत नाही. त्यांचे अठरा तास पुण्याच्या उन्हाळ्यात धरले तर पीठ आंबून वाहायला लागतं. मी रात्री कालवून तासाभराने फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी बाहेर काढते. माझं बिडाचं भांडं ओटीजीत जेमतेम मावतं. ५०० ग्रॅम पिठाला ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, पाव चमचा यीस्ट. २३० अंशांवर अर्धा तास झाकून, मग वीसेक मिनिटं उघडं. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, मनगट नसतं. हा पाव जणू आमच्यासाठीच काढलेला.

आता मुद्द्याचं. भट्टीतून काढलेला पाव लगेच कापायचा नसतो. आतलं पिष्ट अजून ओलं आणि सैल असतं, निवताना ते बसतं. गरम कापलात तर सुरीला लगदा लागतो. तासभर तरी थांबावं लागतं. आमच्या ह्यांना हे पटवायला फार वेळ लागला. वास आला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे, “अगं, आता कापू का?” चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्यांच्या ताटात गरम पोळी पडली त्यांना पहिल्यांदा अन्नासाठी थांबावं लागत होतं, आणि त्या तासाभरात मला काहीच काम नव्हतं. ओटा पुसलेला, उसळ झालेली, पाव जाळीवर निवतोय. मी पेपर वाचत बसले. मग आम्ही दोघं एकदम जेवायला बसलो. मटकीची उसळ, वर कांदा, आणि पाव. मी पानावरून उठले नाही.

लाटणारी शेवटी जेवते, हे आपल्याकडे कुणी सांगितलेलं नाही. गरम पोळीच्या हट्टातून ते आपोआप होतं. त्या हट्टाला मी प्रेम म्हणत होते, सुनेकडूनही तेच मागत होते आणि ती पोळ्या आधी करून डब्यात ठेवते म्हणून मनातल्या मनात तिला गुण कमी देत होते. तिला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, “आई, तुमच्या मनातलं मला ऐकू येत होतं.”

पावाने पोळीची जागा घेतली असं कुणी समजू नये. पिठल्याबरोबर पाव लागत नाही म्हणजे नाही, तिथे ज्वारीची भाकरीच हवी. आमरसाशी पाव कुणी खाऊन दाखवावा. विजेचा हिशेब धरला तर स्वस्तही पडत नाही, आणि घरचा म्हणून तो औषधी होतो असंही नाही. निम्मा मैदा तो निम्मा मैदाच. उरलेला पाव फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेरच्यापेक्षा तिथे तो लवकर शिळा होतो. कापून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागेल तसा तव्यावर भाजून घ्या.

आमच्याकडे पोळ्या आता सकाळी एकदाच होतात आणि डब्यात असतात. रात्री सगळे एकत्र बसतात. तुमच्या घरात अजून कुणी ताटावर बसून गरम पोळी मागत असेल, तर त्याला तवा कुठे असतो ते दाखवा आणि आधी तुम्ही जेवून घ्या.